जुन्या वस्तूला निम्म्याहून कमी किंमत मागणे हा व्यवहार की अपमान?

सुरंगी

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराची ओटी आणि माजघर पाडून नव्याने बांधायचे ठरले, तेव्हापासून जुन्या वस्तूंचे काय करायचे हा प्रश्न आम्हा तिघा भावंडांपुढे आहे. दोन कपाटे चुलतभावाने नेली, तांब्याचा बंब धाकट्या बहिणीला हवा होता, आणि उरला तो ओटीवरचा फणसाच्या लाकडाचा झोपाळा. त्याची फळी साडेपाच फूट लांब, पावणेदोन फूट रुंद आणि एकसंध आहे. आजोबा दुपारी त्यावर आडवे होत, त्यामुळे एका टोकाला त्यांच्या डोक्यामुळे तेलकट झालेला काळसर गोल डाग अजून दिसतो.

मी फळीचे चार फोटो काढले आणि जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका अ‍ॅपवर १८,००० रुपये किंमत लिहून जाहिरात टाकली. अकराव्या मिनिटाला पहिला निरोप आला, "६००० मध्ये देता का?" ना नमस्कार, ना लाकडाची चौकशी. मला इतका राग आला की मी उत्तरच दिले नाही.

खरी अडचण पुढेच आहे. त्याच आठवड्यात मी रत्नागिरीत एक वापरलेले शिलाई मशीन पाहायला गेले. बाईंनी १२,००० सांगितले आणि माझ्या तोंडून विचार न करता ७,००० निघून गेले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मशीनवर कापड परत घातले. घरी येईपर्यंत मला त्या कापडाचीच आठवण येत राहिली. म्हणून विचारते, की कमी किंमत मागण्यात नेमके काय चुकते? आकडा चुकतो, की मागण्याची रीत?

रातांबा

६००० मागणाऱ्याने निदान आकडा तरी सांगितला. मला येणाऱ्या निरोपांत "लास्ट किती" एवढेच दोन शब्द असतात. वस्तू पाहिलेली नसते, सांगितलेली किंमत जास्त वाटते की योग्य हेही कळवलेले नसते, आणि माणूस थेट शेवटच विचारतो. अजून सुरुवात झालेली नाही, असे मी एकदा लिहिले तर समोरून "ओके, मग सुरुवात किती" असे उत्तर आले.

दर्यावर्दी

सुरंगीताई, मासेमारीच्या धंद्यामुळे मी जुनी इंजिने आणि जाळी अनेकदा घेतली आणि विकलीही आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे किंमत वस्तूपेक्षा महिन्यावर जास्त ठरते. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढल्या की जूनमध्ये विकणाऱ्याला पैशांची नड असते, कारण पुढचे दोन महिने घरात उत्पन्न नसते. आणि जुलै संपत आला की घेणाऱ्याला घाई होते, कारण नारळी पौर्णिमा जवळ आलेली असते. एकाच इंजिनाला या दोन महिन्यांत दोन वेगळ्या किमती येतात आणि त्यात कोणी कोणाचा अपमान केला असे आम्ही मानत नाही.

मात्र मागण्याची रीत असते. चार वर्षांपूर्वी मी होडीच्या मागे लावायचे एक इंजिन पाहायला गेलो होतो. मालकाने ८०,००० सांगितले. मी आधी आकडा काढलाच नाही. खालच्या गिअरपेटीचा स्क्रू सैल करायची परवानगी मागितली, तेव्हा तेल काळे यायच्या ऐवजी दुधाळ आले; म्हणजे सील गेलेले आणि आत पाणी शिरलेले. मग पिंपातल्या पाण्यात इंजिन सुरू करायला लावले, तर इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची मागची धार करंगळीएवढी यायला हवी ती सुतळीएवढी येत होती. म्हणजे पाण्याच्या पंपातले रबरी चाक झिजलेले. पंख्याचे एक पाते वाकलेले होते आणि गंज आपल्या अंगावर घेण्यासाठी लावलेला जस्ताचा तुकडा जवळपास संपला होता. हे सगळे मालकाला दाखवले आणि मग ५०,००० मागितले. तो चिडला नाही. "पंखा मी सरळ करून देतो, बाकीचे तुझे," असे म्हणाला आणि ५८,००० वर व्यवहार झाला.

वस्तू न पाहता निम्मी किंमत मागणे म्हणजे खडा टाकून पाहणे. लागला तर लागला.

चिरेबंदी

मी कुडाळच्या बाजूला जुन्या घरांचे लाकूड, दारे-खिडक्या आणि मंगळुरी कौले घेऊन पुढे विकतो, म्हणजे या धाग्यावर ज्यांना शिव्या बसणार आहेत त्यांच्यापैकी मी एक आहे. माझी बाजू मांडतो.

घर पाडताना आम्हाला बोलावतात तेव्हा मालकाच्या डोळ्यांपुढे सुताराच्या दुकानातल्या नव्या सागवानाचा भाव असतो. माझ्या डोळ्यांपुढे वेगळेच असते. वासा बाहेरून ठणठणीत दिसला तरी भिंतीत गेलेल्या टोकाला वाळवी असते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी फूट-दीड फूट कापून टाकावे लागते. आत खिळा राहिला तर करवतीचे पाते जाते. कौले उतरवताना, रचताना आणि टेम्पोतून नेताना ठरावीक फुटतातच. शिवाय घेतलेली प्रत्येक वस्तू लगेच विकली जात नाही. माझ्याकडे एक नक्षीचे दार तिसरा पावसाळा काढते आहे. हे सगळे वजा करून मी जो आकडा सांगतो तो ऐकून लोक म्हणतात, "एवढ्यात तर जळणसुद्धा मिळत नाही." मिळत नाही, हे खरे आहे. पण जळण कोणी तीन वर्षे ताडपत्रीखाली सांभाळत नाही.

ताई, रागावू नका. आजोबांच्या डोक्याचा डाग तुमच्यासाठी किंमत वाढवतो. घेणाऱ्याला मात्र तो डाग रंधा मारून काढावा लागतो आणि त्याची मजुरी तो तुमच्या किमतीतून वजा करतो.

एक विचारायचे आहे. तुम्ही फळीचे फोटो काढले म्हणता. कड्यांचे काय? झोपाळ्यात खरा पैसा कड्यांचा असतो.

सुरंगी

चिरेबंदी, कड्या पितळेच्या आहेत, प्रत्येक दांडीवर मधोमध मोर आहे आणि चारही आमच्याकडेच आहेत. ओटीचे आढे उतरवायचे म्हणून त्या काढून माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवल्या होत्या, त्यामुळे फोटोत आल्या नाहीत. जाहिरातीतही लिहायचे राहून गेले, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आले.

चिरेबंदी

मग तो माणूस तुमच्या झोपाळ्याला नव्हे, नुसत्या फळीला ६००० देत होता. एकसंध फणसाच्या नुसत्या फळीला फोटोवरून ६००० मागणारा माणूस लाकूड ओळखतो, असे मी म्हणेन.

खाडीपलीकडे

एवढे हळवे होण्याचे कारण मला समजत नाही. मी तत्त्व म्हणून कोणतीही वापरलेली वस्तू निम्म्या किमतीला मागतो. फ्रिज, सायकल, इन्व्हर्टर, सगळे असेच घेतले आहे. दहातले सात जण नाही म्हणतात, दोघे तिरसटपणे बोलतात आणि एक देतो. मला एकच फ्रिज हवा असतो.

यामागे शास्त्रही आहे. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवले, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असे केलेले होते, आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के असेल असे विचारले. ज्यांना १० दिसले त्यांचा मधला अंदाज २५ आला आणि ज्यांना ६५ दिसले त्यांचा ४५. चक्राचा त्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता, तरी पहिला आकडा डोक्यात नांगर टाकून बसला. विकणारा १८,००० लिहून स्वतःचा नांगर टाकतो, तर मी माझा का टाकू नये?

बकुळ

खाडीपलीकडे यांच्या तत्त्वाने सगळेच वागू लागले तर विकणारा काय करील? १०,०००ची वस्तू २०,००० लिहील. मग तुम्ही निम्म्याने मागून १०,००० ला घ्याल आणि घरी जाऊन स्वतःची पाठ थोपटाल. नुकसान होईल ते खरी किंमत लिहिणाऱ्याचे, कारण त्यालाही तुम्ही निम्म्यानेच मागणार.

माझे वय आता सत्तरीच्या पुढे आहे, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. जुन्या वस्तूंचा भाव करणे आम्ही बोहारणीकडून शिकलो. दुपारी जेवणे आटोपली की ती डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन यायची आणि जुन्या साड्या, धोतरे घेऊन स्टीलची भांडी द्यायची. साडी हातात घेतली की आधी उजेडाकडे धरायची. विरलेली जागा दिसली की त्यातून आमच्याकडे बघायची. काही बोलायची नाही. मग जरीचा काठ अंगठ्याच्या नखाने घासायची. आई तिच्यापुढे चार साड्या टाकायची आणि डबा मागायची, ती वाटी पुढे करायची. अर्धा तास जायचा, दोनदा पाटी उचलली जायची, दोनदा पुन्हा खाली ठेवली जायची. शेवटी डबा मिळायचा, पण त्याचे झाकण तिच्या पाटीतच राहायचे, आणि झाकणासाठी पाचवी साडी काढावी लागायची.

आईला तिचा राग आलेला मी कधी पाहिला नाही. जाताना बोहारीण आमच्याकडेच पाणी आणि गुळाचा खडा घेऊन जायची. ती वाटी पुढे करायची तेव्हा साडी तिच्या हातात असायची, हा मला फरक वाटतो. सुरंगीच्या झोपाळ्याला त्या माणसाचा हातच लागलेला नाही.

रातांबा

बकुळकाकू, आमच्या घरात अजून तीन डबे बिनझाकणाचे आहेत. आज त्याचे कारण कळले.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. कमी किंमत मागितल्याचा राग कसा असतो ते माझ्याइतके कोणी भोगले नसेल, आणि तरी मागणाऱ्यांना मी पूर्ण दोष देऊ शकत नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या शहरातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. माझी स्कूटर त्या दिवशी सासुरवाडीला, गुहागरच्या चढावर होती आणि तिला पुराचा थेंबही लागला नाही. पुढच्या वर्षी मी ती विकायला काढली. ३८,००० लिहिले होते. जो येई तो पत्ता चिपळूणचा वाचून १५,००० किंवा १८,००० म्हणे. एकाने तर फोनवर हसत विचारले, "पोहता येते का तिला?"

सहा आठवडे गाडी तशीच राहिली. मग मी माझी पद्धत बदलली. जाहिरातीत ओळ घातली की पुरानंतरच्या सर्व्हिसिंगची बिले दाखवतो आणि घेणाऱ्याने स्वतःचा मेकॅनिक आणावा, त्याची मजुरी मी देतो. देवरुखहून एक गृहस्थ मेकॅनिकला घेऊन आले. त्याने सीट उचलून खालच्या खोबणीत बोट फिरवले, हेडलाइटची काच काढून आत गाळाची रेघ आहे का पाहिले, वायरिंगचे एक जोडपिन सोडवून त्यावर हिरवट गंज चढला आहे का तेही पाहिले. काही सापडले नाही. ३४,५०० ला गाडी गेली. मेकॅनिकला मी ५०० रुपये दिले. त्या दिवसाइतके स्वस्तात मला समाधान कधी मिळाले नाही.

पारिजात

वाशिष्ठीकाठ यांनी लिहिले त्यावर अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध लेख आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर तो लिहिला आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. थोडक्यात म्हणणे असे की वस्तूतली खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा कोणत्याही वस्तूला खोट असू शकते असे धरून सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली वस्तू विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या वस्तूंचे मालक बाजारातून निघून जातात, आणि मग उरलेल्या वस्तूंची सरासरी आणखी खाली येते.

म्हणजे १५,००० मागणारा तुमच्या स्कूटरला नव्हे, चिपळूणच्या सगळ्या स्कूटरींना किंमत देत होता. तुम्ही मेकॅनिक पुढे केलात तेव्हा तुमची गाडी त्या घोळक्यातून बाहेर आली. दर्यावर्दी यांनी तेलाचा स्क्रू सैल केला तेव्हा घडले ते हेच, फक्त उलट बाजूने.

खाडीपलीकडे यांच्या चक्राबद्दल एकच सांगते. त्या प्रयोगातल्या लोकांना उत्तर माहीत नव्हते, म्हणून आकडा चिकटला. ज्याला आपल्या वस्तूचा भाव पक्का ठाऊक आहे त्याच्यावर तुमचा नांगर फारसा टिकणार नाही. तो फक्त फोन बंद करील.

खाडीपलीकडे

करतातच. म्हणून तर दहातले सात लिहिले.

आगळ

गाड्यांचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. मी बरीच वर्षे वाहनांच्या कागदपत्रांची कामे करून देतो. घासाघिशीत एक वाक्य वारंवार ऐकू येते, "दोन हजार कमी करतो, पण नाव बदलायचे तुमच्या सवडीने बघा." किंवा घेणारा म्हणतो, "नाव मी नंतर करीन, तेवढे पैसे कमी करा." ही सवलत दोघांनाही महाग पडते.

कायद्याने एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात आणि गाडीवर कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच मालक धरून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी मध्ये चार हातांतून गेली असली तरी जबाबदारी सुटत नाही. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी दीड हजार रुपयांसाठी सही केलेले कोरे फॉर्म देऊन मोटारसायकल विकली होती. तीन वर्षांनी त्यांना न्यायालयाची नोटीस आली, तेव्हा घेणाऱ्याचे आडनावसुद्धा त्यांना आठवत नव्हते.

विसार दिला-घेतला असेल तर तोही चिठ्ठीवर लिहून घ्यावा. किती दिवसांत उरलेले पैसे आणि व्यवहार मोडला तर विसाराचे काय, या दोन ओळी पुरतात.

मुचकुंद

कमी मागणाऱ्याची मला भीती वाटत नाही. भाव न करणाऱ्याची वाटते. मी लाकडी पलंग विकायला काढला तेव्हा एकाने पाच मिनिटांत पूर्ण किंमत मान्य केली, आपण सैन्यात असून बदलीच्या गावी आहोत असे सांगितले आणि "पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका," असा निरोप पाठवला. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे ठाऊक होते म्हणून वाचलो. तेव्हापासून जो किमान दोनशे रुपये तरी कमी करायला सांगत नाही त्याच्याशी मी व्यवहार करत नाही.

बकुळ

मुचकुंद, हे आईला सांगायला हवे होते. घासाघीस करणारा माणूस निदान खरा गिऱ्हाईक असतो, हे तिला फार आवडले असते.

सुरंगी

सगळ्यांचे वाचून दोन गोष्टी केल्या, त्या कळवते.

पहिली म्हणजे माळ्यावरून कड्या काढल्या. चिंचेने घासल्या तेव्हा मोरांच्या पिसाऱ्यातल्या रेघा पुन्हा दिसू लागल्या. एका कडीचा वरचा आकडा झिजून अर्धा झाला आहे, तो फोटोत मुद्दाम जवळून दाखवला आणि जाहिरातीत लिहिला. फळीवरच्या डागाचाही फोटो टाकला. मग त्या ६००० वाल्या गृहस्थांना मीच निरोप पाठवला की आधी फोटोत कड्या नव्हत्या, आता पाहा. त्यांनी तासाभराने फोन केला. ते मालवणजवळचे निघाले, स्वतः सुतारकाम करतात आणि आईसाठी झोपाळा शोधत आहेत. ओटीवरच्या तुळईची उंची, कड्यांची लांबी, फळीला भेग किती खोल आहे, असे वीस मिनिटे विचारत होते. शेवटी म्हणाले, "फळीचाच दर धरलेला. कड्यांसकट असा तर चौदा सांगतंय, पण बघूक येतंय आधी." मी सोळा म्हटले. येत्या रविवारी येत आहेत. डागाबद्दल विचारले तर म्हणाले, रंधा मारणार नाही, आईला तसाच आवडेल.

दुसरी गोष्ट शिलाई मशीनची. त्या बाईंकडे पुन्हा गेले आणि मशीन चालवून बघू का असे विचारले. त्यांनी जुन्या परकराचा तुकडा दिला. टाका सरळ पडतो, पण बॉबिनचा दोरा मध्येच सुटतो; ते त्यांनीच आधी सांगितले. मी १०,००० म्हटले, त्या ११,००० म्हणाल्या, आणि पट्टा नवा घालून देते असे म्हणाल्या. ११,००० ला घेतले. मागच्या वेळच्या सात हजारांबद्दल मी काही बोलले नाही. त्यांनीही काढले नाही.

चिरेबंदी

झिजलेला आकडा दाखवलात हे उत्तम केलेत. तो त्या माणसाला रविवारी सापडलाच असता आणि त्याचे त्याने हजार कापले असते. चौदा आणि सोळाच्या मध्ये कुठेतरी होईल. फक्त एक गोष्ट आधी ठरवून घ्या. राजापूरहून मालवणपर्यंतचे टेम्पोचे भाडे कोण देणार?

सुरंगी

अरे देवा. ते बोलणे झालेच नाही.

रातांबा

डब्याचे झाकण.